टिकाराम, तुझं अंगण जरा उकरलं आहे

आंधळगाव, भर उन्हाळा

श्रीमान टिकारामजी,

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाबूलालचा जय भीम घे, आणि तुझा रामराम मी इथूनच स्वीकारला असं समज. पुण्यात तुझी, रुखमिणीवहिनींची, चंद्रकुमारची, सूनबाईंची आणि नव्या नातवाची तब्येत ठणठणीत असेलच. मोना आईच्या मदतीला तिकडे आली हे फार चांगलं केलं. डिंकाचे लाडू पोचले असतील. (सत्यवतीनं केले, मी फक्त चव पाहिली. चव पाहता पाहता डबा थोडा हलका झाला, म्हणून वाटेत कोणी खाल्ले असा संशय घेऊ नकोस.)

आता तू म्हणशील, फोन हातात असताना हा बाबा पत्र कायले लिहून राहिला? त्याचं कारण असं की तू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतोस, आणि तुझ्याआधी वहिनीच उत्तर देतात. शिवाय पत्रावर ओरडता येत नाही. ओरडलं तरी ते आंधळगावात ऐकू येत नाही. या दोन्ही सोयी फोनमध्ये नाहीत.

इकडे सर्व क्षेम आहे. तू दिलेल्या किल्लीला मी डोळ्यांत तेल घालून जपतो. तुळशीला रोज पाणी घालतो. वानरांनी मागच्या बाजूची कवेलू उलथीपालथी केली होती, ती मी स्वतः छपरावर चढून नीट लावली. (उतरताना शिडी नव्हती, पण तो वेगळा विषय आहे.) गाय दूध देते. अंगणही जागेवर आहे. अंगणाविषयी पुढे सविस्तर लिहितो. मोनाच्या लग्नाची तर मुळीच चिंता करू नकोस. "हॉल-बिल काही नाही, जिथं आज्याचा मांडव पडला, बापाचा पडला, माझा पडला, तिथंच माझ्या पोरीचा पडेल," असं तू तुमसरच्या व्याह्यांना तोंडावर सांगितलंस, तेव्हा मी शेजारीच बसून मान हलवत होतो. ते वाक्य माझ्या पक्कं लक्षात आहे. हल्ली ते झोपेतसुद्धा आठवतं.

तर मुद्दा असा की मी एक मशीन घेतलं आहे. जमिनीतले धातू शोधणारं. तुला माहीतच आहे, जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत माझी सारी नोकरी गेटवर झडती देण्यात गेली. रोज सकाळी हात वर, रोज संध्याकाळी हात वर, खिशात काडेपेटी आहे का, विडी आहे का. रिटायर झाल्यावर वाटलं, आता आपणही कोणाची तरी झडती घ्यावी. माणसांची घेता येत नाही, म्हणून जमिनीची घेतली. मोबाईलवर विलायतेतले म्हातारे शेतात हिंडतात, मशीन टुंई करतं आणि लगेच सोन्याची मोहर निघते. (मधले सहा महिने ते दाखवत नाहीत, हे मला नंतर कळलं.) पार्सल आलं तेव्हा सत्यवती म्हणाली, "लोकं रिटायर होऊन बुद्धगयेले जातेत, हा मातीत जाऊन राहिला." मी तिला समजावलं की खाली पवनीकडे केवढे जुने स्तूप निघाले, आपल्याकडेही काहीतरी असणारच, आणि ते आपल्याच हातून निघालं तर साऱ्या समाजाची मान उंच होईल. ती म्हणाली, "आधी आपली मान खाली घालून तांदूळ निवडा." बायकोला इतिहासाची आवड नसली की संशोधकाचे असेच हाल होतात.

पहिली मोहीम तलावात काढली. पाणी आटून अर्धा तलाव उघडा पडला आहे. मशीन सारखं वाजत होतं, मीही सारखा खोदत होतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्यांतला चमकीचा कागद, बाटल्यांची झाकणं, बैलाच्या गळ्यातली एक घंटी आणि सायकलचं मडगार्ड एवढा ऐवज निघाला. मग एक जाडसर आवाज आला आणि चिखलातून पाणी प्यायचा, पितळेचा, भंडाऱ्याच्या घडणीचा गडवा वर आला. जनाबाईचा! तुझ्या चुलत काकूचा! तोच, जो रत्नाबाईनं चोरला म्हणून दोघी जावा आपण पोरं होतो तेव्हापासून एकमेकींशी बोलत नाहीत. मी गडवा चिंचेनं घासून, चकचकीत करून, मोठ्या उमेदीनं तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. वाटलं, म्हातारी पाठीवरून हात फिरवेल. तिनं गडवा पाहिला, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काय गा बाबूलाल, तुले कोनं सांगतलं होतं काढाले? आता मी रत्नीसंग कायच्यावर भांडू?" तेव्हापासून ती माझ्यावर रागावून आहे, आणि रत्नाबाई माफीची वाट बघत रोज दारात खुर्ची टाकून बसते. गावात माझ्या मशीनची ख्याती ही अशी पसरली.

नंतर मला कोणी शेतात पाऊल टाकू देईना. धानाची बांधी खोदशील, पाळ फोडशील, पाणी थांबणार नाही, असं जो तो म्हणू लागला. आमच्या अंगणात सत्यवती सडा-सारवण करून पहारा देते. मग साऱ्या गावात अशी एकच जागा उरली, जिची किल्ली माझ्याकडे होती. टिकाराम, मी तुला खरं सांगतो, मी फक्त मशीन तपासायला तुझ्या अंगणात गेलो होतो.

तुळशीपासून पूर्वेकडे मशीन वाजलं. वीतभर खोदलं, तर भोकाचा तांब्याचा पैसा निघाला. दोन हातांवर पुन्हा वाजलं, तर कमळाचा पिवळा वीस पैसा. मग राजाचं डोकं असलेला एक, मग राणीचं डोकं असलेला एक. प्रत्येकाजवळ काळं पडलेलं, वाळक्या मुळीसारखं काहीतरी होतं. आणि सगळ्यांत खाली, हात कोपरापर्यंत गेला तिथं, एक जाड, ओबडधोबड, गोल म्हणता येणार नाही असा तांब्याचा तुकडा. त्यावर उर्दूसारखी अक्षरं. मी तो लिंबानं पुसला, चष्मा लावला, मोबाईलवरच्या चित्रांशी ताडून पाहिला. भोसल्यांच्या काळातलं नाणं! सत्यवतीला हाका मारमारून दाखवलं. (तिनं आधी विचारलं, "टिकारामभाऊले पुसलं का?" मी म्हणालो, इतिहास कोणाला पुसायला थांबत नसतो. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.)

रात्रभर बसून मी सिद्धांत मांडला. भोसल्यांचा खजिनदार इंग्रजांच्या भीतीनं नागपूरहून पळाला, आंधळगावात कोणा कोष्ट्याकडे लपला आणि जाताना खूण म्हणून जागोजागी नाणी पुरून गेला. खूण आहे म्हणजे खजिनाही आहे. राजा-राणीची आणि कमळाची नाणी खजिनदाराच्या मागून कशी आली, ही एक बारीक अडचण होती, पण ती मी पुढच्या अभ्यासासाठी ठेवली. दुसरं काहीही असो, चोरी मात्र आपल्याच्यानं व्हायची नाही. जमिनीत शंभर वर्षांवरचं काही सापडलं तर सरकारला कळवायचं असा कायदा आहे. म्हणून निरोपसमारंभातला सफारी घातला आणि मोहाडीला तहसील कचेरीत जाऊन स्वतःच वर्दी दिली. तहसीलदार साहेब फार सज्जन. दुसऱ्याच दिवशी दोन माणसं घेऊन आले. खुर्च्या आल्या, चहा आला, अर्धं गाव आलं. मी खजिनदाराची हकीकत सांगायला उभा राहिलो, तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत जनाबाई पुढे आली.

तिनं खड्डे पाहिले आणि डोक्यावरचा पदर सावरला. "आगा बाप्पा, हे तं मांडवाचे पैसे होत! मेढ रोवताना खड्ड्यात हळकुंड, सुपारी आन् पैसा टाकतेत. लगन झालं का मेढ काढतेत, पैसा नाही काढत. काहून उकरले तुनं?"

मला कसं माहीत असणार, तूच सांग. आमच्यात लग्न लागतं ते वंदना घेऊन, तिथं मेढ नाही की हळकुंड नाही. तुमच्याकडे माझ्या बापाच्या काळात मेढ रोवायला आम्हाला बोलावणं नसायचं, आणि आपल्या काळात तू बोलवायचास तेव्हा मी फॅक्टरीच्या बसमध्ये असायचो. मी दरवेळी पोचलो तो थेट पंगतीला. बुंदीची माहिती मला भरपूर आहे, खड्ड्याची नव्हती.

मग म्हातारी खाली बसली आणि एकेक खड्डा वाचायला लागली. भोकाचा पैसा तुझ्या बापाच्या लग्नाचा. त्या लग्नात म्हणे रेडा सुटून मांडवात शिरला आणि नवरदेव सोडून सगळे पळाले. नवरदेवाचा पाय पाटाच्या फटीत अडकला होता, त्याला लोक अजून धीट समजतात. राजाचा पैसा तुझ्या आज्याचा, राणीचा तुझ्या पणज्याचा. कमळाचा पिवळा तुझा! तुझ्या आईनं तो सोन्यासारखा दिसतो म्हणून किती वर्षं डब्यात जपून ठेवला होता, "माह्या टिकारामाच्या लग्नाले" म्हणून. हे तुला माहीत होतं का रे? मला नव्हतं. साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि खुर्ची पुढे ओढली. रत्नाबाईही आली होती. ती मधेच म्हणाली, "रेडा नाही वं, गोऱ्हा होता." जनाबाई फणकारली, "रेडाच होता!" आणि अशा रीतीनं दोघी जावा इतक्या वर्षांनी एकमेकींशी बोलल्या. भांडायला नवा विषय मिळाल्यामुळे जनाबाईनं मला माफ केलं आहे.

शेवटी साहेबांनी तो जाड तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटून पालटून पाहिला. म्हणाली, "हा माह्या सासूच्याही सासूच्या पहिलेचा आहे. ह्याचे नवरा-नवरी कोनालेच ठावं नाही." टिकाराम, राजाचा खजिना शोधायला गेलो आणि तुझ्या घराची लग्नं हाताला लागली. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही फार झाला.

असो. बाकी सर्व ठीक. अंगण जरा उकरलं आहे, एवढंच. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मोनाला आशीर्वाद, बाळाला गालगुच्चा.

तुझा शेजारी,
बाबूलाल

ता. क. एक बारीक गोष्ट लिहायची राहिली. तुझ्या अंगणाला सरकारी दोरी बांधली आहे. जुना तुकडा निघाला म्हणून नागपूरचे जाणकार येऊन पाहीपर्यंत तिथं कुदळ लावायची नाही, खांब रोवायचा नाही. साहेबांनी हात जोडून सांगितलं, "लग्नाच्या आधी येतील असा शब्द मी देऊ शकत नाही." त्यांची चूक नाही. वर्दी देणारा मीच. म्हणजे मोनाचा मांडव तुझ्या अंगणात पडत नाही, टिकाराम. हे वाक्य लिहायला मला एवढं मोठं पत्र लागलं.

आणखी ता. क. आमचं अंगण भिंतीपलीकडेच आहे, सावली आहे, विहीर जवळ आहे. मांडव इथं पडू दे. विधी सगळे तुमचे, आम्ही त्यात बोलणार नाही. तुझे भाऊबंद काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि त्यांना उत्तर जनाबाईनं पारावर परस्पर देऊन टाकलं आहे, "लगन पोरीचं आहे का अंगणाचं?" तुमसरचे व्याही परवा येऊन जागा पाहून गेले. त्यांना पसंत आहे. (तुला न विचारता बोलावलं, हे खरं. सवय लागली आहे.) सत्यवतीनं सारवण सुरू केलं आहे. आता फक्त तुझा होकार हवा. फोन केलास तर स्पीकर बंद ठेव.

शेवटचं ता. क. दोरी बांधून साहेब गेले, त्या संध्याकाळी मी मशीन घेऊन आमच्या अंगणात आलो. सत्यवतीनं पहिल्यांदाच अडवलं नाही, दारात उभी राहून बघत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवलं. ते एकदाही वाजलं नाही. आम्हाला लेक नाही. मुलानं त्याचं लग्न मुंबईत कचेरीत सही करून उरकलं, फोटो मोबाईलवर आला. आमची पद्धत वेगळी आहे, मला ठाऊक आहे. तरी पण टिकाराम, मेढीच्या खड्ड्यात मोनाचा पैसा टाकशील तेव्हा जरा खोल टाक, आणि तो आमच्याकडेच राहू दे.