खंडेनवमीचा नारळ आणि तीन सूत चीर

विश्रामबाग, सांगली
दसऱ्यानंतरचा शुक्रवार, १९७५

ती. स्व. नाथाजीमामांस सयाजीचा साष्टांग नमस्कार. (राग आहे, पण नमस्कार चुकवलेला नाही.) वडूजला सुखरूप पोचलात ना? मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खांदा दुखत असेल तर दुखू दे.

खंडेनवमीला तुम्ही माझी प्रयोगशाळा बघायला आलात, आनंद झाला. पण मशीनला हळदकुंकू वाहून झाल्यावर, "एवढं लोखंड हाय, आन् नारळ न्हाई व्हय रं?" म्हणत पिशवीतला नारळ काढून तुम्ही थेट माझ्या चौकटीच्या दांड्यावर हाणलात! (सुभेदार म्हणून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी हात तोच.) अहो, त्या चौकटीत प्लास्टिकची पाटी ताणून बसवली होती, आणि तिला मुद्दाम पाडलेली बारीक चीर होती. दांड्यावर ठोका मारला की धक्क्याची लाट पाटीतून धावत चिरेपर्यंत पोचते. मग चीर किती सरकली ते मोजायचं. त्यावर माझी एम. ई.ची पदवी अडकली आहे. आठ महिने मी हातोडीने ठोकतोय. हळू ठोकलं तर चीर ढिम्म हलत नाही, जोरात ठोकलं तर पाटीचे दोन तुकडे. दिवाळीच्या सुट्टीआधी बाहेरचे परीक्षक येणार, आणि तुम्ही खोबरं वाटत (शिपाई सिद्धूला मोठा तुकडा, सख्ख्या भाच्याला छोटा) म्हणालात, "आरं, ती आदीच चिरलेली व्हती की! माझ्या नावानं कशाला बोंब मारतुस?" कपाळ माझं!

तुम्ही एस.टी.त बसलात आणि मी रडकुंडीला येऊन आमच्या मगदूमसरांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं, पट्टी लावली, आणि झापलं मलाच. चीर तीन सूत (जेमतेम एक सेंटिमीटर) सरकून थांबली होती. थांबली होती, मामा! सर म्हणाले, हातोडीचा ठोका फार तुटक. नारळ फुटताना दबत जातो, त्यामुळे धक्का लांबतो आणि चिरेला थोडं पुढे जायला सवड मिळते. आठ महिने झक मारून मला हे सुचू नये आणि तुम्हाला न सुचताच जमावं, याचाच जास्त संताप आलाय.

असो. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा वैतागलेला भाचा,
सयाजी

ता. क. एकदा जमलेलं परीक्षक मानत नाहीत, पुन्हा करून दाखवावं लागतं. मी आणि सिद्धूने मिळून सतरा नारळ फोडले. चीर एकतर हलत नाही, नाहीतर पाटीच तुटते. मेसमध्ये तीन दिवस सगळ्यात खोबरं आहे, पोरं मला शिव्या घालतायत. तेव्हा पत्र मिळताच निघा. पाया पडतो.

ता. क. आणखी एक. रागावणार नसाल तर सांगतो. प्रबंधात उपकरणांच्या यादीच्या शेवटी सरांनी लिहायला लावलंय : नारळ, एक. सुभेदार (निवृत्त), एक. पहिलं इथे मारुती चौकात मिळतं.