लोटाच्या बायकोला नाव नाही

७ जानेवारी २००९

सुवार्ताबाईंनी आज शाळेत, शिक्षकखोलीत, त्यांचं बायबल दिलं. "कविता करता ना? मग ह्यातल्या बायका बघा जरा." पिंपळगावहून चांदवड येईपर्यंत एसटीत वाचत होते. लोट नावाच्या माणसाची बायको. गाव जळत होतं. मागे वळून बघायचं नाही, असं बजावलं होतं. तिने बघितलं — मिठाचा खांब झाली! नवऱ्याला नाव, नवऱ्याच्या चुलत्याला नाव. हिलाच नाही.

माझ्या पोरीलाही नव्हतं. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. दहा वर्षं झाली.

९ जानेवारी

आज उतरलं —

तू म्हणालास, मागे बघू नको.
दूध गॅसवर होतं, देवा.
पोर आत होती.
मग काय बघू? तुझं तोंड?

देवाशी असं बोलू नये. पण बरं वाटलं!

१० जानेवारी

सुवार्ताबाईंना वाचून दाखवली. चिडतील वाटलं होतं. डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना दाखवू नका हं!"

१३ जानेवारी

भोगी. सासूबाई बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होत्या. त्यांना कविता ऐकवली. "लोट? कुठले गं? निफाडचे का?" मला हसू आवरेना. मग सगळी गोष्ट सांगितली. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नाही.

"मीठ तर आपुन बी टाकलं व्हतं. पुरताना लेकराच्या अंगावर टाकाया लागतं. म्यांच दिलं, बरणीतलं."

त्याच बरणीतलं मीठ दहा वर्षं मी आमटीत घालते आहे.

कुठे पुरलं, ते विचारलं. "आईला जागा सांगायची नसती. पुढचं लेकरू जगत नाय."

पुढचं झालंच नाही, सासूबाई! आता तरी सांगा! — त्या भाकरी थापत राहिल्या.

१६ जानेवारी

ह्यांना विचारलं. विहिरीवर मोटर चालू करत होते. "माती देऊन निघालं की मागं बघायचं नसतं. नाय बघितलं." तेवढंच. मोटरीच्या आवाजात मला पुढे विचारताही येईना.

मला नुसती जागा हवी आहे. तिथे बसून तिला एक नाव ठेवीन. बाकी काही नको. गोठ्यात जाऊन रडले. म्हैस बघत होती, बघू दे.

२१ जानेवारी

कवितेचं पान फाडून ह्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. कांद्याच्या भावापलीकडे काही वाचत नाही हा माणूस. तरी ठेवलं.

२२ जानेवारी

आज हे जेवले नाहीत.

२३ जानेवारी

शाळेत गेले नाही. सकाळी हे म्हणाले, "बघितलं व्हतं गं मागं. आग्रा रोडच्या कडंला, लिंबाखाली." तो कडुलिंब चौपदरीकरणात गेला. वर डांबर. गेलं वर्षभर सव्वासातच्या एसटीने मी रोज तिच्यावरून जाते आहे.