हंड्यातली हौसाबाई

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

डोकं अजून तापलेलंच आहे. आज मुळशीच्या तलावाकाठी त्या नव्या हॉटेलच्या जेवणघराचे फोटो काढले. शोभेला काहीतरी गावरान हवं म्हणून शेटनी शेजारच्या वाडीतल्या हौसाबाईचा पितळी हंडा मागवला. तिच्या लग्नातला. चिंचेने घासून काय लखलखीत केला होता बाईने! हंडा ठेवला मधल्या टेबलावर, आणि बाईला? "तू दाराबाहेरच थांब, फरशी नवी आहे." साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. हंडा चालतो, आणि हंडेवाली चालत नाही?

पितळ चमकलं की फोटोत पांढरा डाग पडतो, म्हणून आम्ही त्यावर साबण फासतो. मी वडी हातात घेतली मात्र, ती दारातूनच कडाडली, "ओ फोटूवालं! सकाळधरनं घासलाय म्या त्यो. साबन लावायचा न्हाई, न्हाईतर हंडा घिऊन ही निगाले मी!"

नाही लावला. शेट माझ्यावरच डाफरले, "तिचं काय ऐकता?" म्हटलं, हंडा तिचा आहे, तुमचा नाही.

आत्ता घरी येऊन निगेटिव्हची काच धुतली. साबण नव्हता, त्यामुळे हंड्याच्या पोटात अख्खं दार उमटलंय. आणि दारात, कमरेवर हात ठेवून, हौसाबाई.

शेट म्हणणारच, तेवढी बाई खोडून द्या. नाही खोडणार! दाराबाहेर ठेवली होती ना? आता बघत बसा. तुमच्या जेवणघराच्या मधोमध उभी आहे ती.