बंबातला विस्तव मंडळाचा आहे

ती. साधनाआत्यास तेजलचा नमस्कार.

आधीच माफी मागते. शुद्धलेखन माझं नववीत शाळेबरोबरच सुटलं, आणि टाइप एका बोटाने करते (दुसऱ्या हातात चिमटा आहे, का ते पुढं कळेल). त्यामुळं हे सकाळी लिहायला घेतलं तरी तुला रात्रीच मिळेल. फोन केला असता, पण फोनवर माझ्या तोंडातून "हां, हां" सोडून काय निघत नाय, तुला माहितीये. तिकडं कॅम्पात सगळे बरे ना? मामांचा गुडघा कसा आहे? आम्ही इकडं मखमलाबादला मजेत, फक्त धुराने जरा काळे पडलोय.

तुझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, हल्ली पृथ्वी सांभाळतात. गुलाबाचा मळा पप्पा सांभाळतात, म्हणून आप्पांना वेळ आहे. थंडीत त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एक साहेब कार्बन टॅक्सवर भाषण द्यायला आले होते. धूर कमी करा म्हणून तासभर बोलले, आणि तासभर त्यांची गाडी बाहेर चालूच होती (ड्रायव्हरला एसी लागतो). साहेब म्हणाले, युरोपात जो धूर करतो त्याला टॅक्स लागतो आणि उपग्रहातून सगळा धूर दिसतो. आप्पांनी त्यातला युरोप तेवढा गाळला आणि घरी येऊन आपल्या अंघोळीच्या बंबाकडं असं बघितलं, जसा काय तो चोरीचा माल आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंबाच्या नळीवर घमेलं उपडं घातलं, उपग्रहाला धूर दिसू नये म्हणून. उपग्रहाला नाय दिसला, पण न्हाणीत पप्पांना काहीच दिसेना. ते साबणासकट खोकत अंगणात आले. अंगणात गुलाब घ्यायला आलेल्या बायका उभ्या. (त्या दिवशी फुलं लवकर खपली.)

मग बंबच बंद. ऐन थंडीत सगळ्यांना गार पाणी. पप्पा म्हणाले गिझर घेऊ, तर आप्पा म्हणे, "लाइट कोळशावरच तयार व्हती ना? मंग धूर तिकडं आन् नाव आपलं!" सगळ्यात जास्त शिंका त्यांनाच, पण ऐकतील तर आप्पा कसले. एकदा जेवताना म्हणाले, "एवढे कारखाने, एवढ्या गाड्या, आन् यांना आधी म्हाताऱ्याचा बंब दिसतो. उद्या माझी लाकडं मसणात गेली की त्या धुराचा टॅक्स कोण भरंल, तुम्हीच ना?" मला ते बरोबर वाटलं, पण मी कुठं काय बोलते.

मग आली होळी. दरवर्षी आपण गल्लीतल्या मंडळाच्या होळीचा विस्तव घरी आणून धुळवडीचं पाणी तापवतो, तसा आप्पांनी घमेल्यात आणला, बंबात टाकला आणि दोन महिन्यांनी कडक पाण्याने अंघोळ केली. बाहेर आले ते ज्ञान होऊनच. म्हणाले, "हा विस्तव आपला नाय, मंडळाचा हाय. धूर मंडळाच्या नावावर!" मंडळाच्या अध्यक्षाला, अश्विनदादाला, विचारून पण आले. तो म्हणाला, "बरोबर आहे आजोबा." (तो निवडणुकीला उभा राहणार आहे, सगळ्यांचं बरोबर असतं.)

आता नियम असा, की विस्तव जोवर विझत नाय तोवर तो मंडळाचा. विझला आणि आपण काडी ओढली की धूर आपला. म्हणून होळीपासून बंब रात्रंदिवस पेटलेला आहे. सकाळच्या थोड्या धुराचा टॅक्स वाचवायला आम्ही दिवसभर धूर करतो. उपग्रहाने आपल्या घराची वीज केंद्र म्हणून नोंद केली असेल. बाहेर भाजून काढणारं ऊन, आणि आम्ही वाफाळत्या पाण्याने अंघोळी करतोय, कारण वाया कशाला घालवायचं. शेजारीपाजारी बादल्या घेऊन येतात. आणि विस्तवावर लक्ष कोणी ठेवायचं? जिला शाळा नाय तिने.

तुमच्या बाजारात तो मोबाईल दुरुस्तीचा क्लास सोमवारी सुरू होतोय. मला लय करायचाय. त्यात माणसांशी कमी आणि मोबाईलशी जास्त काम. तुझ्याकडं राहून होईल. मी मम्मीकरवी विचारलं, तर आप्पा म्हणे, "आन् विस्तवाकडं कोण बघंल, तिचा मोबाईल?" विषय संपला.

बाकी ठीक. मामांना नमस्कार सांग, आणि गुडघा शेकायचा असेल तर इकडं पाठव, सोय आहे.

तुझी,
तेजल

ता. क. काल पहाटे उठले तर आप्पा बंबापाशी बसलेले, हातात काडेपेटी. मला बघून काडेपेटी टोपीखाली गेली. "वाऱ्यानं जरा मंदावला व्हता," म्हणाले. मी म्हणाले "हां". नंतर बंबामागं झाडलं, तर जळक्या काड्यांचा ढीग निघाला. म्हणजे मंडळाचा विस्तव कधीच विझलाय, आणि मी इतके दिवस आपल्याच धुराची राखण करतेय.

ता. क. २. माझी बाजू मांडू नको, तू सुरू झालीस की आप्पा कान बंद करतात. फक्त रविवारच्या आत फोन कर आणि एवढंच विचार, "आप्पा, टोपीत काय हाय?" आणि गप्प बस. मीच विचारलं असतं, पण समोर माझा आवाज निघत नाय. पिशवी भरून ठेवलीये.

ता. क. ३. शेजारच्या झुंबरनानांनी कवळी बसवली. आता कोणाच्या मयतीला गेले तरी हसतात.