कात्रण आणि काळं बोट

गुरुवार, संध्याकाळ

बापू वायरमनचं ते काळं बोट डोळ्यांसमोरून जाईना. आमच्या छतावरच्या सोलरची वीज कमी झाली, म्हणून मी पेपरातलं नव्या धोरणाचं कात्रण नाचवत अख्ख्या गल्लीदेखत त्यांच्यावर खेकसलो. म्हटलं, सरकारनं नियम बदलले, तुम्ही मीटर फिरवता! कशाला बोललो मी?

ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, नियम ऱ्हाऊ द्या की. साखर कारखाना सुरू झाल्यापास्नं वर चढलायसा काय?"

चढलोच नव्हतो. कात्रणं मात्र रोज वहीत चिकटवत होतो.

वर जाऊन त्यांनी पॅनेलवरून बोट फिरवलं. कारखान्याच्या चिमणीची काजळी. बोट काळंकुट्ट. पुसायला त्यांनी कागद मागितला. माझ्या हातात ते कात्रणच होतं. तेच पुढे केलं.