शेवटचा भाव

३ मार्च, सकाळी

जाड पाकिटं आली. एक माझ्या नावाचं, एक धाकटीच्या. एका बड्या कंपनीला आमची हिऱ्यांची खाण विकत घ्यायची आहे. शेअरमागे अकरा देणार म्हणे. आम्ही चौतीसला घेतले होते.

संतापायला हवं होतं. संताप आला नाही. चहा गाळला.

माझा निवृत्तीचा सगळा फंड या खाणीत आहे, धाकटीचाही. दोघींपैकी एकीनेही आयुष्यात हिरा हातात धरलेला नाही. हे शेअर घ्यायचं कुणी सुचवलं होतं ते आता आठवत नाही.

संकल्प: अकराला विकणार नाही.

३ मार्च, दुपारी

धाकटीने पत्र वाचलं. तीस वर्षं वॉर्डात नर्स होती. पेशंटचा कागद वाचावा तसं बोट फिरवत वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, ताई, मी विकते. तळमजल्यावरचे शिंपी जागा सोडतायत. अकराच्या भावाने माझ्या शेअरांत त्यांच्या जागेचे निम्मे पैसे होतात, उरलेले ते दोन वर्षांत घ्यायला तयार आहेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. गुडघे गेल्यापासून धाकटी पाच महिन्यांत दोनदा खाली उतरली, दोन्ही वेळा खुर्चीत बसून, शिंपी आणि त्यांच्या भावाने उचलून नेलं तेव्हा. दोन्ही वेळा डॉक्टरकडे.

म्हटलं, घाई करू नकोस. ती म्हणाली, घाई? मला तर चालताही येत नाही.

विनोद बरा होता. हसायचं राहून गेलं.

६ मार्च

वाचनालयाच्या वरच्या खोलीत छोट्या भागधारकांची सभा भरवली. हजर एकोणीस. अध्यक्ष मी. निवडणूक झाली नाही, गरज पडली नाही.

दंतवैद्य आले होते. निवृत्त झाले तरी बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात. म्हणाले, खाण खोल गेली आहे, डिझेल परवडत नाही, अकरा म्हणजे देव पावला. म्हटलं, डॉक्टर, दुखत नसताना दात उपटायची सवय तुमची, आमची नव्हे. सगळे हसले. बँकवाले, म्हणजे जन्मभर कॅशियर असलेले गृहस्थ, एवढे हसले की बिस्किट अडकलं.

माझा मुद्दा सोपा होता. कोणीही विक्रीचा फॉर्म पाठवायचा नाही. अकराचे पंधरा होतील, पंधराचे वीस.

हात वर करा म्हटलं. एकोणीस हात वर. दंतवैद्यांचा सर्वात आधी.

११ मार्च

दुसरं पत्र. ठळक अक्षरांत: ही किंमत अंतिम आहे, वाढवली जाणार नाही.

आता मात्र खात्री पटली. वाढवणार.

एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या खरेदी विभागात काढली, त्यातली बारा प्रमुख म्हणून. कापूस, सुया, रबरी हातमोजे, चादरी. शेवटचा भाव असं न लिहिता एकही पुरवठादार कधी आला नाही. मी फाइल मिटायचे, चहा विचारायचे नाही. तिसऱ्या दिवशी फोन यायचा. मॅडम, तुमच्यासाठी म्हणून.

दंतवैद्य वाचनालयाच्या जिन्यात भेटले. म्हणाले, बाई, हे हातमोज्यांचं टेंडर नाही. अंतिम असं एकदा छापलं की त्यांना वाढवताच येत नाही, कायदाच आहे तसा. दातांच्या डॉक्टरने मला खरेदी शिकवावी! मीही त्यांना कवळी कशी बसवायची ते सांगणार होते. सोडून दिलं.

फाइल मिटली आहे. तीन दिवस.

१४ मार्च

तीन दिवस झाले. फोन नाही. कंपन्या मोठ्या असल्या की हळू हलतात.

धाकटीने फॉर्म भरला. सही केली, शेअरचं मूळ सर्टिफिकेट जोडलं, पत्ता घातला, पाकीट बंद केलं. शेअर घेताना तू म्हणालीस म्हणून न वाचता सही केली ताई, आता वाचून केली, म्हणाली. असं काही मला आठवत नाही.

पाकीट माझ्या हातात दिलं. खाली मीच जाते, दुसरं कोण जाणार. सत्तावीस तारखेला दुपारी एकपर्यंत पोचलं पाहिजे, रजिस्टर्ड कर, म्हणाली.

पर्समध्ये ठेवलं. उद्या टाकेन.

१५ मार्च

रविवार. पोस्ट बंद. मी तरी काय करणार.

१७ मार्च

पोस्टात रांग दारापर्यंत. एकच खिडकी, आणि आत बसलेली मुलगी तिकीट चिकटवायला जन्म लावते. तक्रार-वही मागितली. वही सापडत नाही म्हणे. त्याबद्दल तक्रार करायला दुसरा कागद मागितला. एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

पाकीट पर्समध्ये.

घरी येताच धाकटीने विचारलं, टाकलंस? म्हटलं, हो ग.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, खोटं कधी बोलू नये. वेळेआधी खरं बोलण्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पाकीट मी टाकणारच आहे. पंधराचा भाव जाहीर झाला की त्याच दिवशी. तेव्हा धाकटीच माझे पाय धरील. वाकता आलं तर.

१९ मार्च

पावती कुठे, धाकटीने विचारलं. म्हटलं, पर्समध्ये असेल. असेल म्हटलं, आहे म्हटलं नाही.

ती म्हणाली, राहू दे, तुझ्याकडे कागद हरवत नाहीत.

हे खरं आहे. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद हरवलेला नाही. पाकीटही हरवलेलं नाही.

२१ मार्च, संध्याकाळी

पेपरात बातमी! आमच्या खाणीत मोठा हिरा सापडला. लिंबाएवढा. फोटोत कंपनीचे चेअरमन नेहमीप्रमाणे हेल्मेट घालून, हिरा चिमटीत धरून हसतायत. वार्षिक अहवालात गेली सात वर्षं हेच हसू आहे. नफा त्यातल्या एकाच वर्षी होता.

बातमी कापून एकोणीस झेरॉक्स काढल्या. एक धाकटीपुढे ठेवली. चष्मा लावून बघितली आणि म्हणाली, सुंदर आहे हो. मग म्हणाली, ताई, शिंप्यांच्या बायकोने पडदे मागे ठेवायचं कबूल केलंय.

मी हिऱ्याबद्दल बोलत होते.

२३ मार्च

दुसरी सभा. हजर अकरा. बाकीच्यांना कामं असतील.

झेरॉक्स वाटल्या. दंतवैद्य म्हणाले, एका लिंबाने सरबत होतं, दुकान चालत नाही. त्यांना बोलू दिलं. लोकशाही आहे.

बँकवाल्यांनी विचारलं, आणि नाही वाढवला भाव तर? म्हटलं, तर आपण मालकच आहोत की खाणीचे. यावर सगळ्यांनी झेरॉक्सच्या घड्या घातल्या. पटलं असावं.

पुन्हा हात वर. अकरा हात वर. पण या वेळी बँकवाले खाली टेबलाकडे बघत होते. बिस्किटंही आणली नव्हती.

२५ मार्च

धाकटीने आज भिंतीला धरून दारापर्यंत फेऱ्या मारल्या. आठ. सवय हवी ना, म्हणाली. खाली गेल्यावर रोज पेपर मीच आणणार. कोपऱ्यावरच्या दुकानात जाणार आणि दुकानदाराशी भांडून येणार, तू एकटीने का भांडायचं.

मी तिची औषधं डबीत भरली. सोमवार ते रविवार.

संकल्प: उद्या भाव वाढला नाही तर पाकीट टाकेन. साध्या टपालाने नाही, स्वतः त्यांच्या ऑफिसात नेऊन देईन. बसने चाळीस मिनिटं.

२६ मार्च

वाढला नाही. पण शेवटच्या दिवशीच वाढवतात. खरेदीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

२७ मार्च, सकाळी १०.३०

बसस्टॉपवर उभी होते. बस आली. गर्दी होती. पुढची घेऊ म्हटलं.

२७ मार्च, ११.२०

पुढचीही गेली. मी बसले नाही. आत्ता देऊन टाकलं आणि बारा वाजता भाव वाढला तर मी मूर्ख ठरेन. धाकटीचं नुकसान होईल. तिच्याचसाठी थांबले आहे.

२७ मार्च, १.०५

एक वाजला. काही झालं नाही. बसस्टॉपवरच्या बाकावर ऊन आलं म्हणून उठले.

२७ मार्च, संध्याकाळी

धाकटीने शिंप्यांच्या बायकोला वर बोलावलं होतं. दोघी खिडक्यांची मापं बोलत होत्या. मला विचारलं, स्वयंपाकघराला पिवळा रंग कसा दिसेल. म्हटलं, चांगला.

२ एप्रिल

निकाल पेपरात, आतल्या पानावर. चौऱ्याऐंशी टक्के भागधारकांनी विकले. बडी कंपनी आता मालक. महिनाअखेर आमच्या कंपनीचं नाव शेअर बाजारातून काढणार. ज्यांनी विकले नाहीत त्यांचे शेअर त्यांच्याकडेच राहतील. विकत घ्यायला कोणी नसेल.

भाव वाढवला नाही. तसा कायदा आहे, असंही खाली लिहिलं होतं.

दोनदा वाचलं. मग शब्दकोडं सोडवलं. पूर्ण सुटलं.

३ एप्रिल

तातडीची सभा. हजर तीन. मी, दंतवैद्य, बँकवाले.

म्हटलं, आपण एकोणीस जण ठाम राहिलो, त्याचा अभिमान आहे. बँकवाले म्हणाले, बाई, मी पाठवला होता फॉर्म. सभा झाली त्याच दिवशी, इथून परस्पर. बाकीच्यांनीही पाठवले. दंतवैद्य म्हणाले, मी तर पहिल्या सभेच्या आधीच.

मग हात कशाला वर केलात, विचारलं.

दंतवैद्य म्हणाले, तुमच्यासमोर हात खाली ठेवायची कुणाची छाती आहे, बाई?

बँकवाल्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि माझ्यासमोर सरकवला. एक खाल्लं. मऊ पडलं होतं.

सभा संपली. आभार मीच मानले.

८ एप्रिल

ज्यांनी विकले त्यांचे पैसे आले. बँकवाल्यांना आले. वाचनालयाच्या शिपाईणबाईंना आले. त्यांचेही शेअर होते हे मला माहीतच नव्हतं. धाकटी रोज टपाल विचारते. म्हणते, उशीर होतोय, नाही?

म्हटलं, पोस्टाचं काही खरं नाही.

हे तरी खरंच बोलले.

संकल्प: उद्या सांगून टाकायचं.

९ एप्रिल

तिला ताप होता. आजारी माणसाला असं काही सांगत नाहीत. ती नर्स आहे, तिला हे पटेल.

११ एप्रिल

ताप गेला. शिंपी वर आले. उंबऱ्यातच उभे. म्हणाले, ताई, दहा दिवस जास्त थांबलो. दुसरं गिऱ्हाईक आलंय, सगळे पैसे एकदम देतंय, मुलीचं लग्न आहे माझ्या, काय करू सांगा. धाकटी म्हणाली, अहो, तुम्ही का अवघडता, देऊन टाका. गिऱ्हाईक कोण, मी विचारलं. दंतवैद्य. त्यांनाही जिने झेपत नाहीत म्हणे.

शिंपी गेल्यावर धाकटी भिंतीला धरून खुर्चीपर्यंत गेली. मग म्हणाली, पडदे तेवढे त्यांना बसतील की नाही कोण जाणे.

मी भांडी घासली. एकच कप तीनदा.

१४ एप्रिल

बड्या कंपनीच्या ऑफिसात धाकटीने स्वतः फोन केला. मी आंघोळ करत होते. त्यांनी सांगितलं, तुमचा फॉर्म आलेलाच नाही.

टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर ती फोन मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, पोस्टाने हरवला ताई.

म्हटलं, हो. म्हणजे, असणार.

ती म्हणाली, असणार.

१६ एप्रिल, दुपारी

धाकटी म्हणाली, तक्रार करू या. पोस्टाच्या मोठ्या साहेबांना. तुझ्यासारखं पत्र कोणाला लिहिता येत नाही. तू सांग, मी लिहिते. नाही, तूच लिही, तुझं अक्षर बघून घाबरतील.

लिहिलं. आयुष्यातलं सर्वोत्तम तक्रारपत्र. रांग, एकच खिडकी, न सापडणारी तक्रार-वही. एका वृद्ध निवृत्त परिचारिकेचं आयुष्य कोणाच्या तरी बेपर्वाईमुळे तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलं, तिला घराबाहेरचं जग दिसेनासं झालं, याची नैतिक जबाबदारी कोण घेणार, असा खडा सवाल. दोन पानं. एकही खाडाखोड नाही. दोषी व्यक्तीला कडक शासन व्हावं, असा शेवट केला.

धाकटीला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं. एका ठिकाणी मान डोलावली. म्हणाली, दोषी व्यक्तीबद्दल फार कडक लिहिलंयस. थोडं मऊ कर.

मी म्हटलं, राहू दे तसंच.

तिने सही केली. घडी घातली, पाकिटात घातलं, कडा जिभेने ओल्या करून चिकटवल्या, वरून तळहात फिरवला. वॉर्डात चादर सरळ करायची तसा. माझ्या हातात दिलं.

म्हणाली, ताई, हे तरी टाक.

हो म्हटलं.

१६ एप्रिल, ४.४०

पेटी पाचला उघडतात. चपला घालून जिन्यात, पहिल्याच पायरीवर बसले आहे. आत ती रेडिओ लावतेय.