नवऱ्याची हिंमत, माझं तोंड

४ ऑगस्ट
काबासो पळाला. त्याच्याच गोळीने जखमी झालेला रानरेडा गवतातून उठला आणि माझ्या नवऱ्याने बंदूक टाकून धूम ठोकली. माझा भाऊ चान्सा झाडावर चढला म्हणून वाचला. गाव हसतंय. मी एक शब्द बोलले नाही. फक्त विचारलं, बंदूक कशाला टाकलीस, रेड्याला द्यायची होती का?

५ ऑगस्ट, सकाळ
गावप्रमुखांनी बोलावलं. त्याला नाही, मला! गावाची रीत म्हणे, नवरा शिकारीला गेला की बायकोने घरी भांडायचं नाही, नाहीतर तिकडे त्याचा धीर सुटतो. "त्या दिवशी काय केलंस, म्विलाची आई?" म्हटलं, काही नाही. नणंद मध्येच, "काही नाही कसं? माझ्या कोंबड्यांना शिव्या घातल्यास की!"
कोंबड्यांना. माणसांना नव्हे.
पण म्हणजे काबासोची हिंमत माझ्या तोंडात आहे. मला आधीपासून वाटायचंच.

६ ऑगस्ट
रेडा अजून लुआंग्वा नदीकाठीच आहे. बायका पाण्याला जायला घाबरतात. ज्याने जखमी केला त्यानेच तो संपवायचा. काबासोला सांगितलं, सोमवारी जा. तो गेला की मी तोंडाला कुलूप लावणार. मग बघू दे गावाला, याला मर्द कुणी केलं ते.

८ ऑगस्ट
सोमवार. गेला नाही. पाय दुखतोय म्हणे. मी त्याला भित्रा म्हणाले नाही. ससा म्हणाले.
ताटातली मक्याच्या पिठाची न्शिमा तशीच ठेवून झोपला. नसते लाड.

११ ऑगस्ट
चान्सा आला. "ताई, दाजींना जरा श्वास घेऊ दे. रेड्यापुढे झाले नव्हते तेवढे पांढरे ते तुझ्यापुढे होतात." झाडावर चढणाऱ्यांनी मला शिकवू नये, असं सांगून त्याला वाटेला लावलं.
संध्याकाळी काबासो अंगणात चान्साने परत आणलेली ठासणीची बंदूक पुसून भरत होता. बंदुकीची दारू नळीत कमी, जमिनीवर जास्त पडत होती. त्याचा हात धरावा असं वाटलं. म्हणाले, दारू सांडतोयस.

१३ ऑगस्ट, दुपार
सकाळपासून काबासो गायब. लपला असणार. नणंदेकडे गेले, तिच्याशी भांडले. सासूशी भांडले. पाणवठ्याच्या वाटेवर सगळ्यांना ऐकवलं, आमचा ससा दिसला तर कान धरून घरी आणा. नणंद हसली तर तिच्या घागरीला लाथ मारली.
तेवढ्यात नदीकडून बंदुकीचा आवाज. एकच.
आता आठवलं, सकाळी बंदूकही कोपऱ्यात नव्हती. मी मनावरच घेतलं नव्हतं.
खाली बसले. ऊन फार होतं, म्हणून. बोललेलं परत गिळता येतं का? दुसरा बार नाही. काहीच नाही.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
जिवंत आहे. सदऱ्यावर रक्त रेड्याचं. लोकांनी खांद्यावरून आणला.
घरात येताच ओरडले, मला न सांगता का गेलास? मी इथे सकाळपासून भांडत होते! "कुणाशी?" सगळ्यांशी. तो हसायला लागला. असा हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे तुझ्या तोंडाचा काही संबंधच नव्हता."
मी चुलीत आणखी दोन लाकडं सारली.
उद्या पलीकडच्या गावात सिंहामागे जाणार आहे. मी म्हटलं, जायचं नाही. ऐकलं की नाही कोण जाणे. छऱ्यांची पिशवी बांधत होता.
मग मीच विचारलं, अंघोळीला पाणी तापवू?
"तापव," म्हणाला. मान वर न करता.
चूल पेटलेलीच होती, म्हणून तापवलं.